थॉर्प त्या दिवशी पाण्यात नव्हता

२६ जुलै २००९. रोममधला फोरो इतालिकोचा उघड्यावरचा तलाव. जागतिक जलतरण स्पर्धेत तलावातल्या शर्यतींचा तो पहिलाच दिवस, आणि पुरुषांची ४०० मीटर फ्रीस्टाइलची अंतिम फेरी. जर्मनीच्या पॉल बिडरमानने भिंतीला हात लावला तेव्हा फलकावर वेळ उमटली ३:४०.०७. ट्युनिशियाचा उसामा मेलूली ३:४१.११, चीनचा झांग लिन ३:४१.३५. जुना विश्वविक्रम ऑस्ट्रेलियाच्या इयन थॉर्पचा होता, ३:४०.०८, मँचेस्टरच्या २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतला. सात वर्षं टिकलेला आकडा एका शतांश सेकंदाने गेला. बिडरमानच्या अंगावर खांद्यापासून घोट्यापर्यंत पॉलियुरेथेनचा पोशाख होता, आणि तसल्या पोशाखांवर बंदी घालायचं फिनाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाच्या, सभेने दोनच दिवसांपूर्वी, त्याच शहरात, ठरवून टाकलं होतं. बंदी लागू व्हायची होती १ जानेवारी २०१० पासून.

या शतांशावरून आमच्या घरात दोन तट आहेत. एक आमचे कोल्हापूरचे मामा. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या पोहण्याच्या स्पर्धांत लेनच्या मागे स्टॉपवॉच धरून उभं राहण्यात त्यांची हयात गेली. दुसरी माझी धाकटी बहीण, म्हणजे त्यांची भाची. ती इचलकरंजीत कापडाच्या धंद्यात आहे, तीही तांत्रिक बाजूला. एप्रिल २०२५ मध्ये लुकास मेर्टेन्सने स्टॉकहोमला ३:३९.९६ अशी वेळ दिली, बिडरमानचा विक्रम जवळजवळ सोळा वर्षांनी मोडला, आणि विझत आलेलं भांडण पुन्हा पेटलं. मी फक्त लिहून घेतलं. मध्ये दोनचारदा तोंड घातलं असेल, ते तसंच ठेवलं आहे.

मामा : सुटला एकदाचा तो रकाना. सोळा वर्षं त्या जागी एका रबरी पिशवीचं नाव होतं.

भाची : पिशवीचं नाही मामा, पॉल बिडरमानचं होतं. आणि पिशवीच पोहत असेल तर तलावात नुसती पिशवीच सोडायची. रोमला जवळजवळ सगळेच तसले पोशाख घालून उतरले होते. मग जिंकला एकटा बिडरमानच का?

मामा : कुणीतरी एक जिंकणारच. तू त्याचं आदल्या वर्षीचं टायमिंग बघ. बीजिंग ऑलिम्पिक, २००८. २०० मीटरमध्ये १:४६.००, पाचवा नंबर. ४०० मध्ये तर फायनललाही नाही. एका वर्षात रोमला २०० मीटर १:४२.००! सरळ चार सेकंद! तेही मायकेल फेल्प्सला सव्वा सेकंद मागे टाकून. अगं, दहाबारा वर्षांचं पोर वर्षात चार सेकंद कमी करतं. बावीस वर्षांचा, ऑलिम्पिक फायनल खेळलेला गडी नाही करत. थॉर्पचंच घे. पहिला विश्वविक्रम १९९९ ला सिडनीत, ३:४१.८३. मग ऑलिम्पिकला ३:४०.५९, फुकुओकाला ३:४०.१७, मँचेस्टरला ३:४०.०८. तीन वर्षांत पावणेदोन सेकंद. वर गेल्यावर असंच कमी होतं, चिमटीचिमटीने.

भाची : मान्य, पोशाखाचा फायदा झाला. बिडरमानने स्वतः ते कधी लपवलं नाही. फेल्प्सला हरवल्यावरसुद्धा, या पोशाखांशिवाय त्याला हरवायची संधी मिळाली तर आवडेल, असं तो म्हणाला होता. पण फायदा झाला म्हणून चोरी झाली का? पोशाख मान्य यादीत होता.

मामा : यादीचं सांगूच नकोस. मे महिन्यात काही पोशाख परत पाठवले, जूनमध्ये तेच पुन्हा घेतले. पंचालाच नियम ठाऊक नसावा असा कारभार. त्या एका स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. त्रेचाळीस! त्या आठवड्यात लोक विक्रमाला टाळ्या वाजवायचेसुद्धा विसरले असतील.

भाची : कसले विसरतात! त्याच दिवशी फेडेरिका पेलेग्रिनीने महिलांची ४०० मीटर ३:५९.१५ मध्ये काढली. चार मिनिटांच्या आत येणारी पहिली बाई, तीही रोममध्ये, आपल्या माणसांसमोर. तिलाही पिशवीच म्हणणार?

(मामा गप्प. पेलेग्रिनी त्यांची आवडती. पुढेही त्यांनी या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.)

मामा : बरं, तू कापडातली आहेस ना? मग त्या पोशाखात काय होतं ते नीट सांग. पेपरात नुसतं ‘हायटेक’ लिहून सोडतात.

भाची : ऐका तर. पोहणाऱ्याला पाणी तीन तऱ्हांनी अडवतं. एक, कातडीला घासून. दोन, अंगाच्या आकारामुळे, म्हणजे समोरून जेवढा भाग पाण्याला दिसतो आणि मागे जे भोवरे उठतात त्यामुळे. तिसरं म्हणजे लाट. पृष्ठभागावर पोहताना माणूस स्वतःच लाट उठवतो आणि तिच्याशीच झुंजतो. आधीचे पोशाख मुख्यतः घासण्यावर काम करायचे. फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडोचा एलझेडआर आला तो पुढचा टप्पा होता. कापडावर ठिकठिकाणी पॉलियुरेथेनचे तुकडे, शिवण नाही, जोड अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने. कापडांची चाचणी नासाच्या वाऱ्याच्या बोगद्यात झालेली. मग बाकीच्या कंपन्यांनी विचार केला, तुकडेच कशाला? सगळाच पोशाख पॉलियुरेथेनचा करू. इटलीची जेकेड आणि अरीनाचा एक्स-ग्लाइड, बिडरमानचा, हे त्यातले.

मामा : म्हणजे कापड नाहीच.

भाची : नाहीच. विणलेलं काही नाही, धागा नाही, नुसती सलग पातळ फिल्म. तिच्यातून पाणी आत जात नाही, आत अडकलेली हवा बाहेर येत नाही. माणूस थोडा वर तरंगतो. पण खरी गंमत आवळण्यात आहे. तो पोशाख इतका घट्ट असायचा की चढवायलाच वीस मिनिटं, अर्धा तास लागायचा. कधी ऐनवेळी फाटायचाही. पोट, कंबर, मांड्या सगळं दाबून अंग नळीसारखं होतं. मांस हलत नाही, कातडीवर लाटा उठत नाहीत. आता ४०० मीटरचा विचार करा. पन्नासच्या आठ फेऱ्या. शेवटच्या दोन फेऱ्यांत काय होतं?

मामा : कंबर बसते.

भाची : तेच. पोट सुटतं, कंबर खाली जाते, पाय त्याच्याबरोबर बुडतात, आणि माणूस पाण्यात तिरका होऊन जणू चढ चढायला लागतो. पोशाख कंबर बसूच देत नाही. त्यामुळे थकवा आला तरी त्याचा दंड कमी बसतो.

मामा : अगं, मग तू माझंच म्हणणं सिद्ध केलंस की! शेवटच्या शंभरात कंबर वर ठेवायची, यासाठी पोरं वर्षानुवर्षं पहाटे उठून मरतात. ४०० ची शर्यत म्हणजे तेच. पहिले दोनशे कोणीही जातो. तिसऱ्या शंभरात कळतं कुणी हिशेब चुकवला. चौथ्यात त्याची वसुली. बिडरमान रोमला मागून आला. शेवटाला त्याने जी झेप घेतली ती मी किती वेळा बघितली असेल. दर वेळी मला वाटतं, हा दमलाच कसा नाही? आता तू कारण सांगितलंस.

भाची : मागून येणं ही त्याची जुनीच पद्धत होती. पोशाखाने ती शिकवली नाही. आणि कारण सांगितलं म्हणजे तुमची बाजू घेतली असं नाही. २०११ ला शांघायला काय झालं? तोपर्यंत नियम बदलले होते. पुरुषांनी फक्त कंबर ते गुडघा, तेही विणलेलं, हवा आरपार जाईल असं कापड. पार्क ते-ह्वान पहिला, सुन यांग दुसरा, आणि तिसरा कोण? बिडरमान, ३:४४.१४. २०० मीटरलाही कांस्य. पिशवी काढून घेतल्यावरही जगात तिसरा आला तो.

मामा : कांस्य त्याचं, शंभर टक्के. सलाम. पण हिशेब कर. ३:४४.१४ आणि ३:४०.०७. चार सेकंद. त्या वेगाने चार सेकंदात माणूस सात मीटरांहून जास्त जातो. रोमचा बिडरमान भिंतीला टेकला तेव्हा शांघायचा बिडरमान अजून शेवटच्या पताकांच्या मागे होता. कुठला खरा?

(पाठीवर पोहणाऱ्यांना भिंत जवळ आल्याचं कळावं म्हणून भिंतीपासून पाच मीटरवर पताकांची दोरी टांगतात, त्या या पताका. मामांचं गणित बरोबर आहे, मी करून बघितलं.)

भाची : दोन्ही खरे. तुम्ही ‘खरा माणूस’ म्हणून जो शोधताय तो उघडा, साधनाविना पोहणारा माणूस. तसा कधी कुणी पोहलाच नाही. आता मी विचारते. मँचेस्टरला तुमच्या थॉर्पने काय घातलं होतं?

मामा : …घातलं होतं काळं काहीतरी.

भाची : काळं काहीतरी! आदिदासचा पूर्ण अंगाचा पोशाख होता. हात, पाय, धड सगळं झाकलेलं. सिडनी ऑलिम्पिकपासून तो त्याची ओळखच झाला होता. तेव्हाही लोक भांडले होते की हे पोहणं नव्हे, हा पोशाखाचा खेळ. म्हणजे २००९ मध्ये एका पूर्ण पोशाखाने दुसऱ्या पूर्ण पोशाखाचा विक्रम मोडला. तुमचा राग एकावर का?

मामा : थॉर्पचा कापडाचा होता.

भाची : होता. म्हणून फायदा कमी. पण ‘कमी’ आणि ‘नाही’ यात फरक आहे ना? तुम्ही स्टॉपवॉचवाले.

मामा : आणि त्याच्या पायांचं काय? सतरा नंबरचे पाय होते त्याचे. ते काय आदिदासने दिले?

भाची : नाही दिले. पण तेही तुमच्या-माझ्याकडे नाहीत. निसर्गाने दिलेलं वल्हं चालतं, कारखान्याने दिलेलं नाही. ठीक आहे, तो नियम करा. पण मग गॉगल काढा. लाट मारणाऱ्या लेनच्या दोऱ्या काढा. खोल तलाव बुजवा. आणि मेर्टेन्सला ज्या स्टार्टिंग ब्लॉकवरून सूर मारायला मिळाला, त्याला मागे पाय रोवायला तिरपी फळी असते. रोमला ती नव्हती, नंतर आली. तिच्यामुळे स्टार्ट सुधारतो. मग मेर्टेन्सच्या ३:३९.९६ मधून फळीचे किती कापायचे? रोमहून तो फक्त अकरा शतांशांनी पुढे आहे.

इथे मामा पहिल्यांदा उठून उभे राहिले. कुठलाही कोल्हापूरकर उठून उभा राहिला की वाद संपला असं नाही, तो खरा आता सुरू होतो. पण त्यांनी जे काढलं ते मला अनपेक्षित होतं. ते आपल्याच बाजूच्या मुळावर आले.

मामा : शतांशाचं तू मला शिकवू नकोस. हातात घड्याळ घेऊन मी जेवढा उभा राहिलोय तेवढी तू मागावर नाही उभी राहिलीस. ऐक. पूर्वी पिस्तूल वाजायचं तेव्हा आम्हाला सांगायचे, आवाज ऐकू नको, धूर बघ. आवाज उशिरा येतो. एका लेनला तीन घड्याळं. दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. कारण एकाच्या बोटावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, माझ्यासुद्धा. आता टचपॅड आले. शतांश सेकंद यंत्र देतं. ठीक. पण शतांश सेकंद म्हणजे अंतर किती? त्या वेगाला अठरा, फार तर एकोणीस-वीस मिलिमीटर. करंगळीची रुंदी. आणि तलाव किती लांब असतो माहीत आहे?

भाची : पन्नास मीटर.

मामा : पन्नास मीटर, आणि तेव्हाच्या नियमात वर तीन सेंटिमीटरपर्यंत सूट. कमी चालत नाही, जास्त चालतो. आठ फेऱ्यांत एक तलाव दुसऱ्याहून चोवीस सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकत होता, आणि दोन्ही कायदेशीर! म्हणजे मँचेस्टरच्या तलावाने आणि रोमच्या तलावाने किती अंतर पोहायला लावलं, यातच एका शतांशाच्या कितीतरी पट फरक पडू शकतो. म्हणून तर पोहण्यात आम्ही हजारांशापर्यंत जात नाही. १९७२ ला म्युनिकला गेले होते. ४०० मीटर मेडलीत गुन्नार लार्सनने टिम मॅकीला दोन हजारांशांनी हरवलं. मग अक्कल आली की दोन लेनच्या भिंतींमध्येच त्याहून जास्त फरक असेल. तेव्हापासून शतांश जुळला की दोघांना पदक.

भाची : मामा, मग ३:४०.०८ आणि ३:४०.०७ यांत फरक नाहीच असं तुम्ही म्हणताय?

मामा : एका तलावात, एका वेळी, शेजारच्या लेनमध्ये असेल तर फरक आहे. तो एवढासाही मोठा असतो. दोन देशांत, सात वर्षांच्या अंतराने असेल तर नाही. बरोबरी म्हणा हवं तर.

भाची : मग थॉर्पचा विक्रम गेलाच नाही! तुम्ही सोळा वर्षं रडलात कशाला?

मला वाटतं खरी गाठ इथेच सुटते, त्या दोघांनी मान्य केलं नाही तरी. शर्यत हजर असलेल्यांशी असते. रोमला मेलूली होता, झांग लिन होता. बीजिंगचा ऑलिम्पिक विजेता पार्क अंतिम फेरीत आला नाही, पण तोही त्याच तलावात, त्याच नियमांखाली उतरला होता. त्यांच्यावर काही अन्याय झाला असेल तर तो नियम करणाऱ्यांनी केला, आणि सगळ्यांवर जवळपास सारखाच केला. विक्रम मात्र गैरहजर माणसाशी असतो. थॉर्प २००६ मध्येच निवृत्त झाला होता. त्याला नवा पोशाख घालून पाण्यात उतरता येत नव्हतं आणि तक्रारही करता येत नव्हती. म्हणून सुवर्णपदकाबद्दल मी भाचीच्या बाजूने आहे, विक्रमाच्या रकान्याबद्दल मामांच्या. ‘जवळपास सारखाच’ असं मी लिहिलं, त्यावर भाचीने तिथल्या तिथे मला पकडलं.

भाची : सारखा नाही दादा. एकच पोशाख एकाला एक सेकंद देतो, दुसऱ्याला तीन. ज्याचं अंग मुळातच सडपातळ आणि वर तरंगणारं, त्याला आवळून काय मिळणार? ज्याचे स्नायू जड, ज्याची कंबर बसते, त्याला जास्त. हा त्या पोशाखांवरचा मला पटणारा एकमेव आक्षेप आहे. तंत्रज्ञान सगळ्यांना सारखं वर नेत नाही, क्रमच बदलतं. आणि किंमत? एलझेडआर पाचशे डॉलरच्या घरात, तोही थोड्या शर्यतींत ढिला पडणार. तुमच्या जिल्हा स्पर्धेतल्या पोरांना परवडला असता?

मामा : अगं, तू कुणाच्या बाजूने आहेस?

भाची : कापडाच्या. बंदी योग्यच होती. कापड परत आलं, चांगलं झालं. पण बंदीच्या आधी जे झालं ते मागे जाऊन पुसायचं नाही.

मामा : का नाही? भालाफेकीत पुसलं. पूर्व जर्मनीच्या उवे होनने १९८४ ला भाला १०४.८० मीटर फेकला. मग पुरुषांच्या भाल्याचा तोल बदलला, १९८६ पासून नवा भाला, नवी वही, विक्रम शून्यापासून. हाच होन पुढे आपल्या नीरज चोप्राचा काही काळ कोच होता. होनला कुणी चोर म्हटलं नाही, त्याचा विक्रमही कुणी खोटा ठरवला नाही. तो जुन्या वहीत राहिला, एवढंच. पोहणाऱ्यांनी तसंच करायला हवं होतं. ३१ डिसेंबर २००९ ला रेघ मारायची. जानेवारीपासून नवी वही.

हा मुद्दा माझ्या मते मामांचा सगळ्यात भक्कम. भाची क्षणभर थांबली हे मी पाहिलं.

भाची : भाला बदलला तर सगळ्यांच्या हातातला बदलला. जुना भाला अमुकाला जास्त लागू पडतो, तमुकाला कमी, असा प्रश्न फारसा नव्हता. रेघ सोपी होती. पोहण्यात रेघ कुठे मारणार? २०१० ला? मग २००८ चा एलझेडआर? मग २००० चे पूर्ण अंगाचे पोशाख? तुमचा थॉर्पही जुन्या वहीतच जाणार होता, मामा. तिथे बिडरमानच्या शेजारी. आणि एक गंमत बघा. बीजिंगला फेल्प्सने १:४२.९६ चा २०० मीटरचा विक्रम केला, तो एलझेडआर आल्यानंतरचा, स्पीडोच्याच छत्राखाली. आठ सुवर्णपदकं झाली, तेव्हा सगळे म्हणाले, वा, विज्ञान! पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीच्या पोशाखातल्या जर्मनाने त्याला हरवलं, आणि त्याचा कोच बॉब बोमन म्हणाला, हे पोशाख जाईपर्यंत मी फेल्प्सला आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरवणार नाही. तत्त्व वर्षभर कुठे झोपलं होतं?

मामा : बोमनचं मी समर्थन करत नाही. पण ओरडणाऱ्याचा स्वार्थ असला म्हणून आग लागलेली नसते असं नाही.

भाची : हे बरं बोललात.

मामा : आणि ही शर्यतच तशी आहे. ४०० मीटर. काय झालं नाही तिच्यात! म्युनिकला १९७२ मध्ये रिक डिमॉन्टने ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड कूपरला हरवलं, ४:००.२६ विरुद्ध ४:००.२७. तोच एक शतांश. मग पदक काढून घेतलं. का? दम्याचं औषध. त्या सोळा वर्षांच्या पोराने फॉर्मवर लिहिलं होतं की मी हे औषध घेतो. त्याच्या संघाच्या लोकांनी पुढे कळवलंच नाही. पुढच्या वर्षी बेलग्रेडला पहिली जागतिक स्पर्धा झाली. डिमॉन्ट पुन्हा कूपरच्या शेजारी उभा. ३:५८.१८. चार मिनिटांच्या आत जाणारा पहिला माणूस. कूपर ३:५८.७०, दुसरा. याला म्हणतात उत्तर. त्यात पोशाखबिशाख काही नाही.

(हा किस्सा मामा दर वेळी सांगतात आणि दर वेळी ‘याला म्हणतात उत्तर’ इथे मांडीवर थाप मारतात. म्युनिकचं पदक डिमॉन्टला परत मिळालं नाही, हे ते सांगत नाहीत.)

भाची : आता मी एक विचारते. लंडन, २०१२. सुन यांग, ३:४०.१४. कंबर ते गुडघा, शुद्ध कापड. बिडरमानहून फक्त सात शतांश मागे. चीनच्या पुरुषांचं पोहण्यातलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. समजा त्या दिवशी तो आठ शतांश लवकर टेकला असता. विक्रम कापडाकडे परत आला असता. तुम्ही पेढे वाटले असते?

मामा : तेव्हा वाटले असते.

भाची : आणि नंतर?

मामा : नंतर… २०१४ ला तो डोपिंगमध्ये सापडला. तीन महिने बंदी. मग तो २०१८ च्या डोपिंग चाचणीच्या नमुन्यांचा तमाशा, मग चार वर्षं तीन महिन्यांची बंदी. लंडनच्या शर्यतीशी त्याचा संबंध नाही हे मलाही कळतं.

भाची : पण २०१९ ला ग्वांगजूला ४०० मीटरमध्येच ऑस्ट्रेलियाचा मॅक हॉर्टन दुसरा आला आणि सुन यांगबरोबर विजयमंचावर चढलाच नाही. तेव्हा तुम्ही हॉर्टनच्या बाजूने होतात. फोनवर मला अर्धा तास सांगत होतात. मग बघा, कापड शुद्ध असलं तरी तुमचं मन शुद्ध होत नाही. तुम्हाला कुठला विक्रम चालेल ते तरी सांगा.

मामा : मेर्टेन्सचा चालेल.

भाची : तिरपी फळी?

मामा : फळी चालेल. फळी लेनमध्ये सगळ्यांना सारखी. ती अंगावर चढत नाही. मी एवढीच रेघ मानतो. तलावाला जे लावायचं ते लावा, माणसाला लावू नका.

भाची : गॉगल माणसाला लावतात.

मामा : तू वकील का नाही झालीस?

मेर्टेन्सबद्दल एक गोष्ट दोघांनीही सांगितली नाही, म्हणून मी सांगतो. तो माग्देबुर्गचा आणि बिडरमान हालेचा. दोन्ही शहरं जर्मनीच्या एकाच राज्यातली, साक्सन-आनहाल्टमधली. थॉर्पचा आकडा शेवटी ऑस्ट्रेलियाकडे परत गेलाच नाही. एका जर्मनाकडून शेजारच्या गावच्या जर्मनाकडे गेला. त्याआधी पॅरिस ऑलिम्पिकचं सुवर्णही मेर्टेन्सनेच नेलं, ३:४१.७८ मध्ये. आणि २०२५ च्या सिंगापूरच्या जागतिक स्पर्धेत त्याने ऑस्ट्रेलियाच्या सॅम शॉर्टला दोन शतांशांनी मागे टाकलं. विश्वविक्रमवीर होऊन तीन महिने झाले होते, आणि तिथली वेळ त्या विक्रमाहून दोन सेकंदांहून जास्त संथ. मामांनी ही शर्यत रात्री पुन्हा लावून पाहिली. विक्रमाची बातमी त्यांनी एकदाच वाचली होती.

भाची : आता १:४२.०० राहिला. २०० मीटरचा. सिंगापूरनंतरही तो बिडरमानच्याच नावावर आहे. तिथे रोमानियाचा पोपोविच जिंकला, पण १:४३.५३ मध्ये. रोमच्याच तलावात २०२२ ला त्याने ब्राझीलच्या सिएलोचा १०० मीटरचा पोशाखातला विक्रम मोडला होता, ४६.८६, सतराव्या वर्षी. पण २०० त्याच्याही हाताला लागलेला नाही. झांग लिनचा ८०० चा ७:३२.१२ सुद्धा रोमचाच, तोही उभा.

मामा : पडतील. पोरं मोठी होतायत.

भाची : आणि पडेपर्यंत? वहीत काय लिहायचं?

मामा : जे आहे ते.

भाची : बघा! म्हणजे रोमला तुम्ही त्याच्या लेनच्या मागे घड्याळ घेऊन उभे असतात, तर ३:४०.०७ च्या चिठ्ठीवर सही केली असती.

मामा : केली असती म्हणजे? त्याक्षणी केली असती. वेळ खरी होती. मी वेळेवर सही करतो. विक्रमाचा अर्ज वेगळा असतो, त्यावर रेफरीची सही लागते.

भाची : आणि रेफरी तुम्ही असतात तर?

मामा : म्हणून तर मी कधी रेफरी झालो नाही.